मदत हवी आहे: वॉर पॉवर्स कायद्याचं कलम ५(सी) अजून जिवंत आहे का?

अमेरिकेच्या १९७३ च्या या कायद्यातल्या ५(सी) नुसार, युद्ध जाहीर झालेलं नसताना लढाईत उतरवलेलं सैन्य दोन्ही सभागृहांच्या ठरावावर राष्ट्राध्यक्षांनी मागे घ्यायचं. त्यांची सही लागत नाही. पण १९८३ च्या चढ्ढा निकालात सुप्रीम कोर्टाने संसदेचा असा, राष्ट्राध्यक्षांच्या सहीविना वापरलेला नकाराधिकार घटनाबाह्य ठरवला. (तिथे एकाच सभागृहाचा होता, पण तर्क दोन्हींना लागू पडतो.) तरी जानेवारी २०२० मध्ये प्रतिनिधीगृहाने इराणबाबत हीच वाट धरली! सिनेटचा वेगळा ठराव मात्र सहीसाठी गेला आणि ट्रम्प यांनी तो फेटाळला.

कॅम्पबेल विरुद्ध क्लिंटन (युगोस्लाव्हियावरच्या हवाई हल्ल्यांविरुद्ध खासदारांनी केलेला खटला) वाचलाय; तो दाद मागण्याच्या हक्कावरच अडला. सेमिनारला मतं नकोत, निकाल हवाय. ५(सी)च्या वैधतेवर थेट बोलणारा एखादा खटला आहे का?