मदत हवी आहे: सार्वजनिक आरोग्यातलं संशोधन, करिअर म्हणून कसं?

नमस्कार मंडळी. माझी भाची बीएएमएस आहे. २०२० मध्ये इंटर्नशिपला असताना तिला कोविड ड्युटी लागली. आशाताईंबरोबर वस्तीत फिरायचं, लोकांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, आकडे वहीत उतरवायचे. एकाच गल्लीत एवढे पेशंट का, हे शोधताना सगळे एकच सार्वजनिक शौचालय वापरतात हे तिच्या लक्षात आलं. तेव्हापासून डोक्यात एपिडेमिऑलॉजी, म्हणजे रोग कुणाला, कुठे आणि का होतात याचा अभ्यास, शिरली ती शिरलीच. क्लिनिक टाक म्हणणारे आम्ही सगळे थकलो!

आता तिला एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) करायचंय. मुंबईचं टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), चेन्नईचं एनआयई (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिऑलॉजी) आणि तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन सेंटर अशी नावं तिने काढली आहेत. अभ्यासक्रमाची माहिती संकेतस्थळावर मिळते हो, पण पुढचं कोण सांगणार? अमेरिकेतसुद्धा कोविडमध्ये एमपीएचच्या अर्जांची लाट आली आणि मग ओसरली. आपल्याकडे तेव्हा पुण्याच्या एनआयव्हीचं (राष्ट्रीय विषाणू संस्थेचं) नाव घरोघरी झालं होतं, आज कुणी विचारत नाही. मला धास्ती आहे ती प्रोजेक्टच्या नोकऱ्यांची. फंड संपला की बाडबिस्तरा गुंडाळा.

या क्षेत्रात असलेल्यांनी जरा स्पष्ट सांगा. एमबीबीएस नसलेल्यांना संशोधनात खरंच वाव मिळतो, की डेटा गोळा करण्यातच अडकवतात? सुरुवातीला पगार साधारण किती? बायोस्टॅटिस्टिक्स (आरोग्याच्या आकडेवारीचं शास्त्र) आधी शिकून घ्यावं का? तिचं गणित बारावीनंतर सुटलंय.

एनआयईमध्ये शिकलेलं कुणी असेल तर प्लीज मेसेज करा, तिलाच बोलायला देते.