मदत हवी आहे: हिवाळाभर उभ्या असलेल्या नॅरोबोटच्या इंजिनाखाली पाणी. ईस्टरला निघता येईल का?

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सजवळ ग्रँड युनियन कालव्यावर आमची ५० फुटी नॅरोबोट (कालव्यांसाठीची लांबट, अरुंद पोलादी बोट) आहे. आम्ही आणि लेस्टरचं एक मराठी कुटुंब अशी भागीदारी. गेल्या उन्हाळ्यात सेकंडहँड घेतली, म्हणजे तिचा आमच्याकडचा हा पहिलाच हिवाळा. नोव्हेंबरपासून ती मरिनात बांधलेली होती. पाण्याची टाकी रिकामी करून नळ उघडे ठेवले होते, डिझेलची टाकी काठोकाठ भरली होती, बॅटऱ्यांचा मेन स्विच बंद होता.

परवा मागच्या डेकच्या फळ्या उचलल्या तर इंजिनाखाली चांगलं चार बोटं पाणी. इंजिन एका दमात सुरू झालं, पण घरच्या वापराच्या बॅटऱ्या १२.१ व्होल्ट दाखवतायत. नळाचा पंप चालू केला तर थांबायचं नाव घेत नाही.

ईस्टरला याच कालव्यावरच्या ब्राऊन्स्टन गावापर्यंत जाऊन यायचा बेत आहे. सासू-सासरे पुण्याहून येतायत. सासऱ्यांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "बुडाला भोक तर नाही ना?" तोच प्रश्न मलाही पडलाय. बोट लगेच ड्राय डॉकला (पाणी काढून बोटीचं बूड उघडं करतात त्या गोदीत) काढावी का? आधी काय तपासू? जाणकारांनी कृपया सांगावं. आगाऊ धन्यवाद.

डिझेलकाका
ताई, घाबरू नका, पण बिल्ज पंपाचं (तळातलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाचं) बटणही दाबू नका. इंजिनाखालच्या पाण्यात तेल असतं, ते कालव्यात सोडणं हा गुन्हा आहे. आधी तेल शोषणारे पॅड टाका, मग पाणी बादलीत काढा.
तीन गोष्टी सांगा. मागचा डेक उघडा आहे की केबिन थेट टोकापर्यंत? पाणी दिसतं कसं? आणि केबिनच्या मागच्या टोकाला जमिनीत एक छोटं झाकण असतं, त्याखाली कोरडं आहे का?

धागाकर्ती
काका, डेक उघडा, म्हणजे क्रूझर स्टर्न. पाणी चहाच्या रंगाचं, त्यात कुजलेली पानं. केबिनमधल्या झाकणाखाली हात घालून पाहिलं, खडखडीत कोरडं.

डिझेलकाका
मग निम्मं उत्तर मिळालं. इंजिनाची जागा आणि केबिन यांच्यामध्ये पोलादी भिंत असते. केबिनखाली पाणी असतं तर नळाचे सांधे, शॉवर, खिडक्या किंवा आतल्या भिंतींवर जमणारा दमटपणा असं सगळं तपासावं लागलं असतं. तुमच्याकडे पाणी फक्त मागे आहे, आणि पानं कालव्याच्या तळातून वर येत नाहीत. डेकच्या फळ्या ज्या पन्हळींवर बसतात त्या पन्हळींची भोकं पानांनी तुंबली की पाऊस थेट इंजिनावर उतरतो. इंग्लंडचा हिवाळा आणि उघडा डेक, दुसरं काय होणार! भोकं तारेने साफ करा, वरून बादलीभर पाणी ओता आणि ते बाहेर जातंय की आत, ते बघा.

पण एवढ्यावर थांबू नका. खालची जागा फडक्याने पूर्ण कोरडी करा आणि पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दांड्याखाली, इंजिनाखाली, दोन्ही कडांना वर्तमानपत्राचे कागद पसरा. एक रात्र जाऊ द्या. कोणता कागद भिजला त्यावरून पाणी कुठून येतं ते कळतं. इंजिनाखालचा कागद हिरवा किंवा गुलाबी झाला तर ते अँटिफ्रीझ. आपल्या बोटींना बहुधा कालव्याचं पाणी आत घेऊन इंजिन थंड करायची सोय नसते. बोटीच्या पत्र्यालाच आतून चिकटलेल्या टाकीत अँटिफ्रीझ मिसळलेलं पाणी फिरत राहतं, त्यामुळे ते गळलं तर लक्ष द्यावंच लागतं.

दांड्याखालचा कागद भिजला तर स्टर्न ग्लँड, म्हणजे दांडा बोटीबाहेर जातो तिथला सांधा. तिथे पॅकिंग आणि ग्रीस पाणी अडवतात. इंजिन चालू असताना अधूनमधून एखादा थेंब पडला तर बिघडत नाही, पॅकिंगला तो लागतोच. बोट उभी असताना धार लागली तर मात्र ग्रीसचा स्क्रू घट्ट लागेपर्यंत फिरवा. तरी थांबलं नाही तर ग्लँडचे दोन्ही नट सारखेच, पाव-पाव फेरी आवळा. जोरात आवळाल तर दांडा तापेल आणि पॅकिंग जळेल. आवळायला जागाच उरली नसेल तर पॅकिंग बदलावं लागेल. ते मरिनातल्या फिटरकडून करून घ्या, कारण ते करताना पाणी आत येतं आणि नवख्याची तारांबळ उडते.

मालवणी माणूस
आमच्याकडे ३१ मेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात. पुन्हा पाण्यात ढकलण्याआधी जुनीजाणती माणसं फळीन् फळी हाताने चाचपून बघतात. तुमची होडी वर्षभर पाण्यातच, म्हणून विचारतो: बुडाला डांबर शेवटचं कधी लावलंय? माझ्या मते आधी बोट बाहेर काढा.

डिझेलकाका
मालवणीदादा, मुद्दा रास्त, पण वेळ ती नाही. ब्लॅकिंग (बुडाला डांबर लावणं) दोन-तीन वर्षांनी करतात, आणि वसंतात ड्राय डॉकला रांग असते. ताई, बोट घेताना सर्व्हे केला असेल तर त्यात पत्र्याची जाडी असेल, ती बघा. नव्या बोटीला साधारणपणे तळ १० मिलिमीटर, बाजू ६ आणि केबिन ४ असा पत्रा असतो. बाजू कुठे ४ च्या खाली गेली असेल तर विमा कंपनी प्रश्न विचारते. आणखी एक, हिवाळाभर मरिनाची वीज जोडून ठेवली होती का? मध्ये गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (विजेच्या तारेतून येणारा, धातू झिजवणारा प्रवाह अडवणारं उपकरण) नसेल तर बाहेरचे, पत्र्याऐवजी स्वतः झिजणारे मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड झपाट्याने झिजतात.

धागाकर्ती
सर्व्हेत बाजू सगळीकडे ५.४ च्या वर आहे, हुश्श. वीज जोडलेली नव्हती. आता तो पंप आणि बॅटरीचं काय करू?

लॉकवाली
पंपाचं मी सांगते. पंप थांबत नाही म्हणजे दाब तयार होत नाहीये. टाकीत पाणी भरलंय ना? रिकामे करायचे नळ आणि गरम पाण्याच्या टाकीचा निचऱ्याचा कॉक बंद आहेत ना? ते बंद असूनही पंप चालत राहिला तर शॉवरचा मिक्सर बघा. त्याच्या पोटात थोडं पाणी राहतं, ते गोठून फुगतं आणि आतलं कार्ट्रिज फोडतं. नळ कितीही नीट रिकामे केले तरी हे होतं. पंप थांबतो, पण कोणी नळ सोडलेला नसताना दर थोड्या वेळाने गुरगुरतो, असं झालं तर कुठेतरी सांधा झिरपतोय. हे सगळं संपेपर्यंत गीझर पेटवू नका. मग टाकी निर्जंतुक करून दोनदा धुवा, सासूबाईंना पहिला चहा त्या पाण्याचा द्यायचाय.

१२.१ म्हणजे बॅटऱ्या निम्म्याहून खाली. पूर्ण भरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी काही तास विश्रांतीनंतर १२.७ च्या आसपास दाखवते. आधी पूर्ण चार्ज करा, चार्जर काढून रात्रभर ठेवा, सकाळी मोजा. पुन्हा १२.३ वर आली तर नव्या बॅटऱ्यांचा खर्च धरून चाला.

डिझेलच्या फिल्टरच्या खालच्या कॉकमधून काचेच्या बरणीत थोडं काढून बघा. पाणी असेल तर तळाला बसेल, मध्ये काळपट शेवाळासारखा थर दिसला तर ती डिझेलमधली बुरशी. स्टोव्हची चिमणी झाडा, कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म बटण दाबून वाजवून बघा. तो २०१९ पासून सक्तीचा आहे. दर चार वर्षांच्या सेफ्टी सर्टिफिकेटची तारीखही बघून घ्या, त्याशिवाय लायसन्स नूतनीकरण होत नाही.

धागाकर्ती
अपडेट: पन्हळीची दोन्ही मागची भोकं पानांच्या लगद्याने बंद होती! साफ केल्यावर बादलीभर पाणी सरळ बाहेर. रात्रभरात फक्त दांड्याखालचा कागद हाताच्या तळव्याएवढा भिजला. ग्रीसचा स्क्रू फिरवला, आता थेंब नाही. शॉवरचा मिक्सर खरंच फुटलाय, लॉकवालीताई तुम्ही ग्रेट. आता एकदम ब्राऊन्स्टनलाच निघू का?

डिझेलकाका
नको. आधी कॉसग्रोव्ह ते फेनी स्ट्रॅटफर्ड हा पट्टा वापरा, तिथे मध्ये एकही लॉक (बोट वर-खाली नेणारा दारांचा हौद) नाही. दोन-तीन तास चालवा, मग इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि वीड हॅच (पंख्याच्या वरचं झाकण) उघडून पंख्यात प्लॅस्टिक अडकलंय का बघा. झाकण परत बसवताना त्याचं रबर तपासा. नीट न बसलेल्या झाकणातून पंखा पाणी आत फेकतो आणि बोटी बुडतात. झाकण लावून गिअर टाका आणि कागदाने कड पुसून बघा. कागद कोरडा राहिला आणि दांडा हाताला फार गरम लागला नाही, तर पुढे जा.

लॉकवाली
आणि स्टोक ब्रुअर्नची सात लॉक सासऱ्यांना विंडलास (लॉकच्या झडपा उघडायचा हँडल) देऊन करून घ्या, मजा येईल त्यांना. लॉकमध्ये खाली उतरताना मात्र बोट पुढे ठेवा, मागच्या दाराच्या उंबऱ्यावर सुकाणू अडकलं तर बोटीची मागची बाजू वर लटकते आणि नाक खाली जातं. त्यानंतर लगेच ब्लिसवर्थचा बोगदा आहे, ३,०७६ यार्ड, आत पायवाट नाही. हेडलाइट आदल्या रात्रीच तपासा. निघण्याआधी कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या सूचना बघा, हिवाळ्यातली लॉकची कामं कधीकधी रेंगाळतात.