पदवी नसली तरी कलाक्षेत्रात जागा आहे
हॉटेलच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडून मुंबईच्या कलाक्षेत्रात यावे का, असे आपण विचारले आहे, आणि सर जे. जे. कला महाविद्यालयाची पदवी नसेल तर तिथे कोणी उभे करणार नाही, असे उत्तर आपल्याला मिळाले आहे. ते मला पटत नाही. मोटारी धुण्याची आणि घरकामाची कामे करून पोट भरलेले चित्रकार के. एच. आरा १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईतल्या आधुनिक कलावंतांच्या गटाच्या संस्थापकांत होते. अर्थात सगळेच आरा नसतात, म्हणून सुरुवात चित्रे टांगण्याच्या, बांधाबांधीच्या आणि मांडणीच्या कामापासून करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. मुंबईच्या जहांगीर कलादालनात प्रदर्शने साधारण आठवडाभराची असतात. एकाची चित्रे उतरली की लगेच दुसऱ्याची चढतात, आणि त्या धावपळीत लेव्हल लावून फ्रेमा एका रेषेत आणणारा, सुतार आणि वायरमनला वेळेत कामाला लावणारा माणूस लागतो. रात्रीच्या गर्दीत एकाच वेळी चार शेगड्या सांभाळलेल्या आचाऱ्याला ही शिस्त नवी नाही. पैसे मात्र सुरुवातीला कमीच मिळतील, तेव्हा शनिवार-रविवारची केटरिंगची कामे आपण इतक्यात सोडू नयेत.