गाडी कमी चालते, पण ब्रेक ऑइलचं काय?
"किलोमीटरच होत नाहीत तर सर्व्हिसिंगला कशाला पैसे घालायचे" असं कमी गाडी चालवणारे बरेच जण म्हणतात, ते इंजिन ऑइललाही पूर्ण लागू नाही, पण ब्रेक ऑइलला तर अजिबातच नाही. ते हवेतला ओलावा शोषत राहतं, गाडी पार्किंगमध्ये नुसती उभी असली तरी, आणि आपल्याकडचा पावसाळा म्हणजे विचारूच नका. नवं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १४० वर येऊ शकते.

माझ्या मावसभावाची गाडी अशीच, कमी चाललेली, वरून चकाचक. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना सारखा ब्रेक दाबून ऑइल उकळलं, पाइपात वाफ झाली, ती नुसतीच दाबली जाते, चाकांच्या ब्रेकपर्यंत जोर पोहोचत नाही, आणि पेडल थेट खाली. नशीब दुसऱ्या गिअरमध्ये होता, हँडब्रेक हळूहळू ओढत डोंगराच्या बाजूला घेतली. गंमत म्हणजे गार झाल्यावर ब्रेक परत ठणठणीत, त्यामुळे मेकॅनिकला आधी काही सापडेचना, मग ऑइल बघितलं तर कोऱ्या चहासारखं काळपट. साधारण दोन वर्षांनी बदलायचं, आणि नुसतं टॉप-अप नाही, ब्लीडिंग करून, म्हणजे पाइपातलं जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढून, सगळं.