स्त्रियांचा हृदयविकार नेमका कोणत्या पायरीवर निसटतो?

रात्रपाळी:
कॅज्युअल्टीसाठी छातीदुखीची लेखी कार्यपद्धती नव्याने लिहायची आहे. जुनी एका पानात संपते: ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारं प्रथिन), मग अँजिओग्राफी किंवा घरी. बाई आणि पुरुष असा फरक त्यात कुठेच नाही. 'जागरूकता वाढवा' छापाचं उत्तर नकोय, कोणत्या पायरीवर कोणता आकडा किंवा कोणती कृती बदलायची ते सांगा. तीन जागी अडलंय. आल्या आल्या ईसीजी कोणाकोणाचा काढायचा? ट्रोपोनिनची रेषा कुठे धरायची? आणि अँजिओग्राफी स्वच्छ आली तर केसपेपरवर काय लिहायचं?

आठ_चोवीस:
सर्वात आधी कागदावरून 'ॲटिपिकल' (नेहमीपेक्षा वेगळी लक्षणं) हा शब्द काढा. अमेरिकेतल्या २०२१ च्या छातीदुखीच्या मार्गदर्शक सूचनांनीही तो टाळायला सांगितलं आहे. त्याऐवजी तीनच खाने: हृदयाचं, हृदयाचं असू शकेल, हृदयाचं नाही.

'बायकांची लक्षणं वेगळी' हे वाक्य अर्धवट आहे आणि त्याने नुकसानच होतं. हार्ट अटॅकमध्ये बायकांनाही सर्वात जास्त वेळा छातीचाच त्रास होतो. फरक एवढाच की सोबत पाठ, जबडा, धाप, मळमळ, गळून जाणं असं आणखी दोन-तीन सांगितलं जातं, आणि लिहिणारा त्यातलं सोयीचं उचलून 'ॲसिडिटी' नाहीतर 'टेन्शन' लिहून मोकळा होतो. विचारण्याची पद्धतही बदला. "छातीत दुखतंय का?" याला बऱ्याचदा "नाही" असं उत्तर मिळतं, कारण जे होतंय त्याला ती दुखणं म्हणत नाही. "छातीत दडपण, जडपणा, आवळल्यासारखं, जळजळ, काही वाटतंय का?" असं विचारा.

ईसीजीसाठी वयाची सोपी चाळणी वापरात आहे: ३० च्या पुढे छातीचा त्रास, ५० च्या पुढे धाप, चक्कर येऊन पडणं, हात दुखणं, अशक्तपणा किंवा गुंगी, ८० च्या पुढे पोटदुखी, मळमळ, उलटीसुद्धा. यातलं काहीही असलं की दहा मिनिटांत ईसीजी काढून तो डॉक्टरच्या डोळ्यांखालून जायला हवा. माझी त्यात एक भर: गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला वयाची अट लावू नका.

व्ही_फोर:
ईसीजी वेळेत निघाला तरी इलेक्ट्रोड चुकीच्या जागी असतील तर काय उपयोग! बायकांच्या ईसीजीत हे सर्रास होतं, आणि कारण संकोच. कपडे पुरते न काढता वरच्या वर चिकटवतात. व्ही१ आणि व्ही२ (छातीवरच्या सहा इलेक्ट्रोडपैकी पहिले दोन) बरगड्यांमधल्या चौथ्या फटीऐवजी दुसऱ्या फटीत जातात. मग छातीच्या पुढच्या लीड्समध्ये (त्या इलेक्ट्रोडच्या आलेखांत) आर लहर (वर जाणारं टोक) वाढत नाही आणि 'जुना अँटीरियर अटॅक' (हृदयाच्या पुढच्या भागाचा) असा खोटाच शेरा पडतो. व्ही१ मध्ये पी लहर (ठोक्यातली पहिली छोटी लहर) पूर्ण उलटी दिसली तर आधी इलेक्ट्रोड वर गेलेत का ते बघा.

योग्य पद्धत: छातीच्या मधल्या हाडावर वरून बोट सरकवत आणा, आडवा उंचवटा लागतो. त्याला लागून दुसरी बरगडी, तिच्याखाली दुसरी फट. तिथून चौथीपर्यंत मोजा. व्ही१ उजव्या कडेला, व्ही२ डाव्या. मग व्ही३ सोडून थेट व्ही४: पाचवी फट, कॉलरबोनच्या मध्यातून सरळ खाली. स्तन आड येत असेल तर तिलाच वर उचलून धरायला सांगा किंवा हाताच्या मागच्या बाजूने उचला. इलेक्ट्रोड स्तनाच्या खाली, छातीवर बसला पाहिजे. व्ही३ हा व्ही२ आणि व्ही४ च्या मधोमध. व्ही५, व्ही६ हे व्ही४ च्याच आडव्या पातळीत, स्तनाखालच्या घडीचं वळण धरून नव्हे.

वाचतानाचा आकडा: व्ही२-व्ही३ मध्ये एसटी (मोठ्या टोकानंतरचा आलेखाचा सपाट भाग) किती उचलला तर अटॅक धरायचा? पुरुषांत ४० च्या आत २.५ मिमी, ४० आणि पुढे २ मिमी. बाईला कोणत्याही वयात १.५ मिमी. बाकीच्या बहुतेक लीड्समध्ये दोघांनाही १. 'दोन मिलिमीटर नाही, म्हणजे काही नाही' हे बायकांच्या बाबतीत चूक आहे.

मोजमाप:
ट्रोपोनिनची रेषा किटनुसार बदलते, त्यामुळे आधी लॅबला किटचं नाव विचारा. उदाहरणार्थ, ॲबट आर्किटेक्टच्या हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन आय मध्ये वरची मर्यादा पुरुषांना ३४ आणि स्त्रियांना १६ नॅनोग्रॅम प्रति लिटर. दोघांना मिळून एकच धरली तर २६. म्हणजे २१ आलेली बाई एकेरी रेषेवर 'नॉर्मल' ठरते आणि स्वतःच्या रेषेवर नाही.

रात्रपाळी:
आमच्याकडे रिपोर्टवर एकच मर्यादा छापून येते. हाताने लिहायची का?

मोजमाप:
हाताने नको, रात्री तीन वाजता कोणी लिहीत नाही. लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये लिंगानुसार मर्यादा टाकून घ्या. एका आकड्यावर निकालही देऊ नका. ठरलेल्या अंतराने (किटप्रमाणे १, २ किंवा ३ तास) दुसरा नमुना घ्या आणि फरक बघा. आकडा चढतोय की उतरतोय यालाच अर्थ आहे.

मात्र एक इशारा. स्कॉटलंडच्या हाय-स्टीक्स चाचणीत वेगळ्या रेषा लावल्यावर हृदयाच्या स्नायूला इजा झालेल्या बायका जास्त सापडल्या, पण त्यांना उपचार पुरुषांपेक्षा कमीच मिळाले. 'रेषेच्या वर आलं तर पुढे कोणी काय करायचं' ही ओळ लिहिली नाही, तर नुसता आकडा बदलून हाती काही लागणार नाही.

गाईडवायर:
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. 'नॉर्मल कॉरोनरीज' हे निदान नव्हे, तो एका तपासणीचा निकाल आहे. ट्रोपोनिन चढ-उतार दाखवतंय आणि कुठेही ५० टक्के अडथळा नाही, तर केसपेपरवर 'मिनोका, कारण शोधायचे आहे' असं लिहा. मिनोका म्हणजे मोठा अडथळा न सापडलेला हार्ट अटॅक. म्हणजे घरी पाठवताना पान बंद होत नाही. शोधायचं काय: फुटलेला प्लाक (वाहिनीच्या भिंतीतला चरबीचा थर), रक्तवाहिनीचा आचका (अचानक आवळणं), गुठळी, वाहिनीच्या भिंतीतली चीर. हृदयाचा एमआरआय शक्यतो आठवड्याच्या आत करा, त्यात मायोकार्डायटिस (हृदयाच्या स्नायूची सूज) आणि टाकोत्सुबो (ताणामुळे हृदय तात्पुरतं कमजोर होणं) वेगळे काढता येतात.

चिरेवर जरा थांबतो, कारण इथे उपचारानेच अपाय होतो. स्कॅड, म्हणजे आपोआप पडलेली चीर. यातले सुमारे ९० टक्के रुग्ण स्त्रिया, बहुतेक पन्नाशीच्या आसपास किंवा त्याआधीच्या, आणि बाळंतपणाच्या आगेमागे होणाऱ्या हार्ट अटॅकचं हे मोठं कारण. चित्रात फडफडता पापुद्रा दिसेलच असं नाही. बऱ्याचदा वाहिनी एका जागेपासून पुढे लांबवर गुळगुळीत, अरुंद होत गेलेली दिसते, आणि 'बारीकच वाहिनी आहे' म्हणून सोडून दिली जाते. वाहिनीत नायट्रोग्लिसरीन देऊन आचका नाही याची खात्री करा. रक्तप्रवाह चालू आहे, दुखणं थांबलंय, तर स्टेंटचा मोह आवरा. वायर आणि फुगा भिंतीतलं रक्त पुढे ढकलून चीर वाढवतात. बहुतेक चिरा आपोआप भरतात. पहिल्या काही दिवसांत चीर वाढू शकते, म्हणून तीन ते पाच दिवस दाखल ठेवा. नंतर डोक्यापासून ओटीपोटापर्यंतच्या रक्तवाहिन्या तपासा, कारण फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेझिया (वाहिन्यांच्या भिंतीची रचना बिघडणं) सोबत असू शकतो.

ट्रोपोनिन चढलेलं नाही, पण तरीही वारंवार दुखतं, तर सूक्ष्म रक्तवाहिन्या बघा: फ्लो रिझर्व्ह (गरजेला रक्तप्रवाह किती पट वाढतो) २ च्या खाली किंवा आयएमआर (सूक्ष्म वाहिन्यांतला अडसर मोजणारा आकडा) २५ च्या वर, आणि आचक्यासाठी ॲसिटिलकोलीन चाचणी (ते औषध वाहिनीत देऊन आचका येतो का बघणं). हे उगाच नाही. सूक्ष्म वाहिन्यांच्या दुखण्यात बीटा ब्लॉकर चालतो, पण आचक्यात तो त्रास वाढवू शकतो. तिथे कॅल्शियम चॅनल ब्लॉकर हवा. २०१८ च्या कॉर्मिका चाचणीत अशी तपासणी करून औषध ठरवलेल्यांचं दुखणं कमी झालं होतं.

पाव_गोळी:
डोसचं मी लिहितो. बायकांना रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी रक्तस्राव जास्त होतो, आणि त्यातला बराचसा अंदाजपंचे डोसमुळे. वजन विचारू नका, काट्यावर घ्या. क्रिएटिनिन 'नॉर्मल' दिसलं तरी क्लिअरन्स (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) काढा: (१४० वजा वय) गुणिले वजन, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन), आणि बाईसाठी त्याला ०.८५ ने गुणा. वय ७८, वजन ४४ किलो, क्रिएटिनिन १.१: उत्तर २९. रिपोर्टवर लाल खूण नाही, पण एनॉक्सापॅरिन (रक्त पातळ करणारं इंजेक्शन) १२ तासांऐवजी २४ तासांनी द्यावं लागतं, तेही किलोला १ मिलिग्रॅम. सवयीने ६० चं इंजेक्शन दिवसातून दोनदा दिलं तर दिवसाला जवळपास तिप्पट गेलं. प्रासुग्रेल (रक्ताची गुठळी रोखणारी गोळी) ६० किलोच्या खाली १० ऐवजी ५ मिलिग्रॅम. अँजिओग्राफी शक्यतो मनगटातून. वाहिनी बारीक असते, म्हणून शीथ (मनगटातून घालायची नळी) पातळ घ्या.

ओटी_दोन:
केसपेपरवर चार चौकटी वाढवा: गरोदरपणात बीपी किंवा प्रीएक्लम्प्सिया (बीपी वाढून इतर अवयवांवरही परिणाम)? गरोदरपणात शुगर? दिवस भरण्याआधी बाळंतपण? चाळिशीच्या आत पाळी कायमची बंद? प्रीएक्लम्प्सिया होऊन गेलेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट, आणि कॅज्युअल्टीत तो कोणी विचारत नाही. बाळंतपणानंतर आडवं झाल्यावर धाप लागत असेल तर 'जागरणामुळे' म्हणण्याआधी एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) आणि इको. इजेक्शन फ्रॅक्शन (प्रत्येक ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं) ४५ च्या खाली आणि दुसरं कारण नसेल तर पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी (बाळंतपणाच्या आगेमागे हृदयाचा स्नायू कमजोर होणं).

रात्रपाळी:
@व्ही_फोर, ईसीजीच्या जागी पडदा नाही. स्टाफ म्हणतो म्हणूनच वरच्या वर चिकटवतात.

व्ही_फोर:
मग कार्यपद्धतीच्या पहिल्या ओळीत पडदा आणि पुढून उघडणारा गाऊन लिहा, ट्रोपोनिन त्याच्या खाली.