गृहकर्ज दुसऱ्या बँकेकडे वळवताना घरदुरुस्तीचा खर्च त्यातच घालावा का?

प्रश्नकर्ता:
आमच्या गृहकर्जाचे सुमारे ३० लाख फेडायचे बाकी असून मुदत १५ वर्षे उरली आहे. सध्याच्या बँकेचा स्थिर दर लवकरच संपत असल्यामुळे कर्ज दुसरीकडे वळवण्याचा विचार आहे. नव्या बँकेने तोंडी सांगितल्याप्रमाणे ९ टक्क्यांच्या आसपास दर मिळेल आणि हवे असल्यास घरदुरुस्तीसाठी ६ लाख वाढवूनही मिळतील. छताची गळती आणि जुने वायरिंग यांसाठी साडेतीन लाखांचा, तर स्वयंपाकघर नव्याने करण्यासाठी अडीच लाखांचा अंदाज कंत्राटदाराने लेखी दिला आहे. दुसरा पर्याय म्हणजे पाच वर्षांचे वैयक्तिक कर्ज, परंतु त्याचा दर १३ टक्के आहे. ९ आणि १३ यांत निवड करायची तर उत्तर उघड वाटते. तरीही एवढ्यावर निर्णय घ्यावा का, अशी शंका मनात आहे. घराचे आजचे मूल्य अंदाजे ४५ लाख आहे.

हिशेबवही:
तुमची शंका अगदी रास्त आहे, कारण दर पाहताना मुदत नजरेआड होते. ६ लाख ९ टक्क्यांनी १५ वर्षांवर पसरले, तर मासिक हप्ता ६,०८६ च्या आसपास बसतो आणि एकूण व्याज जवळपास ४ लाख ९५ हजार होते. तेच ६ लाख १३ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडले, तर हप्ता १३,६५२ म्हणजे दुपटीहून अधिक होतो, पण व्याज मात्र २ लाख १९ हजारांच्या आसपासच राहते. म्हणजे ‘महाग’ कर्ज निम्म्याहूनही कमी व्याजात सुटते.

खरा फायदा मात्र तिसऱ्या वाटेत आहे: दर गृहकर्जाचा आणि वेग वैयक्तिक कर्जाचा. ६ लाख ९ टक्क्यांनीच घेऊन पाच वर्षांत फेडले, तर हप्ता १२,४५५ आणि व्याज १ लाख ४७ हजार. म्हणून वाढीव रक्कम मूळ कर्जात मिसळून न घेता, स्वतंत्र आणि कमी मुदतीचा टॉप-अप म्हणून मिळेल का, हे नव्या बँकेला आवर्जून विचारा. ते शक्य नसेल, तर दरमहा जादा रक्कम भरण्याची मुभा कोणत्या मर्यादेपर्यंत आणि कोणत्या शुल्काने आहे, हे लेखी घ्या. जादा रक्कम भरताना ‘हप्ता कमी करा’ असे न सांगता ‘मुदत कमी करा’ असे स्पष्ट कळवावे लागते, नाहीतर भरलेल्या पैशांचा बराचसा लाभ हातचा जातो.

मी स्वतः एक नियम कसोशीने पाळतो: ज्या कामासाठी कर्ज घेतले, त्या कामाच्या आयुष्याहून कर्जाची मुदत लांब असू नये. छताचे चांगले काम आणि नवे वायरिंग अनेक वर्षे साथ देते. कपाटांचे पृष्ठभाग आणि रंग तेवढे टिकत नाहीत.

तारण-विभागातील अनुभवी:
वरील आकडेमोड बरोबर आहे, मात्र तिच्यात एक गोष्ट आलेली नाही. अनेक कर्जदाते घराच्या मूल्याशी कर्जाचे प्रमाण पाहून दराचे टप्पे ठरवतात. ३० लाख म्हणजे ४५ लाखांच्या ६६.७ टक्के, ३६ लाख घेतले की प्रमाण थेट ८० टक्क्यांवर जाते. समजा, त्या बँकेचा एक टप्पा ७५ टक्क्यांवर आहे आणि त्यापुढे दर पाव टक्क्याने वाढतो. हा पाव टक्का केवळ वाढीव ६ लाखांवर न लागता संपूर्ण ३६ लाखांवर लागतो. मूळ ३० लाखांवरच पहिल्या वर्षी ७,५०० जादा जातात. ते वाढीव रकमेच्या खाती मांडले, तर त्या ६ लाखांचा पहिल्या वर्षीचा खरा दर ९.२५ नसून साडेदहा टक्के पडतो. टप्पे कर्जदात्यागणिक वेगळे असतात, त्यामुळे तुमच्या बँकेचा तक्ता मागवूनच रक्कम ठरवा.

याशिवाय, बँकेचा मूल्यांकनकर्ता घराचे आजचे मूल्य धरतो, दुरुस्तीनंतरचे नव्हे. आणि कृपया नवे गृहकर्ज मंजूर होण्याआधी वैयक्तिक कर्ज घेऊ नका: त्याचा हप्ता तुमच्या मासिक देण्यांत धरला जातो आणि गृहकर्जाची पात्रता त्या प्रमाणात घटते. वैयक्तिक कर्जाला घर तारण नसते, टॉप-अपला असते. उत्पन्न अनिश्चित असणाऱ्याने हा फरक व्याजाइतकाच गांभीर्याने घ्यावा.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. ७५ टक्के म्हणजे ३३ लाख ७५ हजार होतात, त्यामुळे छत आणि वायरिंगचे साडेतीन लाख टॉप-अपमधून घेतले, तर आम्ही त्या मर्यादेच्या आत राहतो. बँकेचा टप्पा तिथेच आहे का, हे विचारून घेईन. टॉप-अप पाच वर्षांचा स्वतंत्र मागावा आणि स्वयंपाकघराचे काम बचत जमेपर्यंत पुढे ढकलावे, असे आता ठरवत आहे. दोन्ही कामे एकाच वेळी केल्यास कंत्राटदार थोडी सूट देतो, पण ती व्याजापुढे टिकेल असे वाटत नाही. काम लगेच सुरू करायला हरकत नाही ना?

तारण-विभागातील अनुभवी:
मूल्यांकन होईपर्यंत थांबा. छत उकललेले, भिंतींना चर पाडलेले आणि तारा लोंबकळत असलेल्या अवस्थेत मूल्यांकनकर्ता आला, तर तो मूल्य कमी धरू शकतो किंवा काम पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासणी मागू शकतो. तुमच्या बाबतीत मर्यादा अवघ्या २५ हजारांनी दूर असल्याने मूल्य थोडे जरी घसरले, तरी तुम्ही वरच्या टप्प्यात जाल. जुन्या कर्जावरील मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क स्थिर दर संपण्याच्या तारखेनंतर लागत नाही ना, हेही तपासा आणि हस्तांतरणाची तारीख त्यानंतरचीच ठरवा.

हिशेबवही:
आणि साडेतीन लाखांच्या अंदाजावर दहा ते पंधरा टक्के रक्कम स्वतःच्या बचतीतून बाजूला ठेवा. जुने छत उकलल्यावर आतले कुजलेले लाकूड किंवा गंजलेली सळई दिसते, आणि तो खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो.