युद्धाच्या दिवसांत सरकारने दटावलं कोणाला आणि सोडलं कोणाला?

खानापूरची_लेक:
माझा धाकटा भाऊ फौजेत आहे. २०२५ च्या मे महिन्यात, पाकिस्तानशी लढाई चालू असताना, तो जम्मूकडे होता, एवढंच आम्हाला ठाऊक. ८ मेच्या रात्री घरात कोणाचाच डोळा लागला नाही. हिंदी वाहिन्यांवर कराची बंदर उद्ध्वस्त, इस्लामाबादवर ताबा, असं चाललेलं आणि मागे सारखा सायरन. आईला तो भोंगा सोसेना. तिने आवाज बंद केला आणि खालची पट्टी मला मोठ्याने वाचायला लावली. दर नव्या ओळीला एकच विचारायची, "ह्यात जम्मूचं काय आलंय का गं?" कराचीला काही झालेलं नाही, हे आम्हाला सकाळी कळलं.

पहलगामच्या हल्ल्यानंतर चार दिवसांनी, २६ एप्रिलला, माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना सूचना काढली होती, की लष्करी हालचाली थेट दाखवू नका. कारगिल, २६/११, कंदाहारचे दाखले दिले. रास्तच आहे. आमचाच माणूस तिकडे असताना आम्हाला ते का नको असेल?

पण ९ मेला बंद केलं ते 'द वायर' या बातम्यांचं संकेतस्थळ. कारण आपलं राफेल विमान पडल्याबद्दलची एक बातमी, तीही सीएनएनच्या वृत्तावरची. ती काढल्यावर ते पुन्हा सुरू झालं. कराची बुडवणाऱ्या वाहिन्या मात्र अखंड चालू होत्या. पुढे ३१ मेला संरक्षण दल प्रमुख जनरल अनिल चौहान यांनीच सिंगापुरात ब्लूमबर्गला सांगितलं की आपली विमानं पडली. (सहा पडल्याचा पाकिस्तानचा दावा त्यांनी साफ फेटाळला, हेही सांगायला हवं.) मग मधले तीन आठवडे हे विचारणारा देशद्रोही कसा? परदेशी वाहिनीला जे सांगता येतं, ते इथे जवानाच्या आईला सांगायला काय अडचण होती?

निवृत्त_सुभेदार_येळ्ळूर:
पोरी, आईला माझा नमस्कार सांग. मी मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केली. बंधन पाहिजेच, त्यात तडजोड नाही. २६/११ ला पाकिस्तानात बसलेले सूत्रधार आपल्याच वाहिन्या बघून ताजमधल्या अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. २०१२ मध्ये कसाबच्या निकालात सुप्रीम कोर्टाने त्याबद्दल वाहिन्यांना खडसावलं.

लढाई चालू असताना विमानांचा आकडा सांगू नये, असंही माझं मत आहे. ११ मेला एअर मार्शल भारती यांनी तेच केलं. लढाईत हानी होतेच, तपशील आत्ता देणार नाही, म्हणाले. एवढ्याने कुठल्या जवानाचं मन खचत नाही ओ. पण घरून फोन येतो, "कराची घेतली म्हणे?" आणि हा बंकरात बसून समोरच्या तोफा ऐकतोय, त्याने काय उत्तर द्यायचं? तू म्हणतेस ते खरं आहे. आपल्या बाजूचं खोटं होतं, म्हणून ते चालवून घेतलं.

घटप्रभाकाठ:
आमच्या गोकाक तालुक्यातलं सांगतो. कर्नल सोफिया कुरेशी यांचं सासर कोन्नूरचं. त्यांनी ७ मेला पत्रकार परिषद घेतली तेव्हा इकडे काय आनंद होता! आठवड्याभरात एक्सवर कोणीतरी टाकलं की त्यांच्या बेळगावच्या घरावर हल्ला झाला. जिल्हा पोलीस प्रमुखांनी तपासून ताबडतोब जाहीर केलं की हे साफ खोटं. खोटं आवरायचं ठरवलं तर आवरता येतं, हे आम्ही इथं बघितलं.

त्याच आठवड्यात मध्य प्रदेशचे मंत्री विजय शाह जाहीर सभेत त्यांच्याबद्दल नको ते बोलले. गुन्हा नोंदवा, असं १४ मेला हायकोर्टाला स्वतःहून सांगावं लागलं. पत्रकारांना संयम शिकवणाऱ्या पक्षाचेच ते मंत्री. याचा मला फार राग आहे.

पूंछचंही तसंच. तोफगोळ्यात गेलेल्या एका शिक्षकाला काही वाहिन्यांनी अतिरेकी ठरवलं. पोलिसांनी खुलासा केला, पण एफआयआरचा आदेश द्यायला तिथल्या कोर्टालाच पुढे यावं लागलं. त्या घरच्यांनी काय सोसलं असेल!

टिळकवाडीकर:
कारगिलच्या वेळीही बंदी होतीच. पाकिस्तानची पीटीव्ही वाहिनी केबलवरून बंद, तिथल्या 'डॉन' वृत्तपत्राचं संकेतस्थळ बंद. पण युद्ध संपल्यावर तीन दिवसांत के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि २००० साली तिचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, संसदेत ठेवला. चुका कुठे झाल्या ते लोकांना वाचता आलं. या खेपेला २८ जुलैला लोकसभेत संरक्षणमंत्री म्हणाले, आपली किती विमानं पडली हा प्रश्नच योग्य नाही. मला तर तोच योग्य वाटतो.

खानापूरची_लेक:
सुभेदार काका, आईला तुमचं उत्तर वाचून दाखवलं. बंकरातल्या फोनचं ऐकून ती म्हणाली, "आपण फोन केला नाही ते बरं झालं."

केबल टीव्ही नियमांत २०२१ पासून तक्रारीच्या तीन पायऱ्या आहेत. आधी वाहिनीकडे, तिने १५ दिवसांत उत्तर द्यायचं, नाही पटलं तर वाहिन्यांच्याच स्वनियामक संस्थेकडे, शेवटी मंत्रालयाकडे. मला शेवटपर्यंत जायचंय. मंत्रालयाने लेखी सांगावं, कराचीची बातमी त्यांच्याच सूचनेत बसते की नाही. ८ मेच्या रात्रीचं रेकॉर्डिंग वेळेसकट कोणाकडे असेल तर कळवा.